विरळ हवेतले इंजिन

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे इंजिनाशी असलेले नाते जुने आहे. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. १९२२ साली सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. दोन्ही ठिकाणी ओळख झाली ती लोखंडी नांगराने. पुढे सातारा रोडला डिझेल इंजिने बनू लागली, आणि किर्लोस्करांच्या ऑईल इंजिनांची स्वतंत्र कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीस निघाली. धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रीही होते, त्या काळी त्या पदाला पंतप्रधान म्हणत. पण आमच्या भागातल्या शेतकऱ्याला 'कूपर' म्हणजे मुख्यमंत्री नव्हे, विहिरीच्या थारोळ्याजवळ ठक्‌ ठक्‌ करणारे इंजिन, हेच ठाऊक.

त्या इंजिनाचा जो मालक असे त्याला शाळेचे तोंड न पाहताही दोन गोष्टी पक्क्या माहीत असत. एक, इंजिनाची हवेची वाट मोकळी हवी. जाळी धुळीने भरली की ते काळा धूर ओकते आणि ओढत नाही. दुसरी, पाणी फिरते हवे. पंपाच्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या कवचातून फिरवून पाटात सोडलेली असे. ती धार बंद पडली आणि लक्ष गेले नाही, तर पिस्टन सिलिंडरात चिकटून बसलाच म्हणून समजावे. श्वास आणि थंडावा, या दोनच मागण्या. आता वाचकांनी कल्पना करावी, की हेच यंत्र, अर्थात हलके करून आणि पेट्रोलवर चालवून, पंचवीस हजार फूट उंचीवर न्यावयाचे आहे. तेथे त्याच दोन मागण्या एकदम आणि एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. त्या कशा पुरवल्या गेल्या, आणि त्या कामात आपल्या देशातील कारागिरांचे हात कोठे लागले, याचा इतिहास या लेखात सांगावयाचा आहे.

प्रथम हवेचा हिशोब पाहू. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागले की जुन्या एस. टी. गाड्यांचा आवाज बदलत असे. चालकाचे कौशल्य कमी पडत असे म्हणून नव्हे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० फुटांवर आहे. तेथे तेवढ्याच जागेत मावणारी हवा कोकणपट्टीच्या मानाने आठव्या हिश्श्याने कमी असते. सिलिंडर प्रत्येक घोटाला तेवढीच जागा भरून घेतो, पण त्या घोटात प्राणवायू कमी. म्हणून तेल कमी जळते, म्हणून शक्ती कमी. शिवाय हवेचा दाब उतरल्यामुळे पाणीही लवकर उकळते. महाबळेश्वरी ते ९५-९६ अंशांवरच उकळू लागते, म्हणून घाटमाथ्यावर रेडिएटरचे झाकण काढून उभ्या असलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

ही झाली साडेचार हजार फुटांची गोष्ट. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो. २०,००० फुटांवर साधे इंजिन आपल्या शक्तीच्या निम्म्याहूनही कमी शक्ती देते. एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब सुमारे एक तृतीयांश उरतो, आणि तेथे पाणी ७० अंशांच्या आसपास उकळते. विमानाचे इंजिन कितीही थोर असो, त्याला एवढ्या उंचीवर दम लागतोच.

यावर उपाय गावच्या लोहाराला माहीत होता. कोळसा नुसत्या वाऱ्यावर पेटतो, पण लोखंड लाल करावयाचे तर भाता लागतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. बाहेरची विरळ हवा एका वेगाने फिरणाऱ्या चाकाने ओढून, दाबून, दाट करून सिलिंडरात भरावयाची. हा भाता चालवण्याच्या दोन रीती आहेत. एक, इंजिनाच्याच दट्ट्यांच्या दांड्यावरून दातेरी चक्रांनी त्याला गती द्यावयाची. यात इंजिनाची शंभर-दोनशे अश्वशक्ती भात्यावरच खर्ची पडते. दुसरी, धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चक्की फिरवावयाची आणि तिच्या दांड्यावर भाता बसवावयाचा, हा टर्बो-सुपरचार्जर. दुसरी रीत फुकटात काम करून घेणारी दिसते, पण तिची चक्की अक्षरशः लालबुंद होऊन मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेते. असे चाक टिकवणारा धातू मिळेपर्यंत ही कल्पना कागदावरच बरी होती.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रातो या इंजिनिअराने अशी टर्बो करून पाहिली. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफोर्ड मॉस यांनी १९१८ साली तिची जी परीक्षा घेतली ती मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. विमान उडवून मोजमाप करणे कठीण, म्हणून त्यांनी इंजिन एका ट्रकवर चढवले आणि कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. खाली सपाटीवर जे लिबर्टी इंजिन ३५० अश्वशक्ती देत होते, तेच शिखरावर टर्बोवाचून २३० वर आले. टर्बो जोडताच ३५६. डोंगरालाच प्रयोगशाळा केले, आणि आकड्यांनी वाद मिटवला. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९२० मध्ये, मेजर श्रोडर यांनी अशाच टर्बोच्या जोरावर उघड्या विमानातून ३३,००० फुटांच्या आसपास मजल मारली. इंजिनाला श्वास मिळाला, पण माणसाचा प्राणवायू संपला. डोळ्यांवरचा चष्मा वर करताच डोळ्यांतले पाणी गोठले, ते बेशुद्ध झाले आणि विमान मैलोगणती खाली कोसळत आले. जमिनीजवळ शुद्ध आली म्हणून वाचले.

आता दुसरी मागणी, थंडाव्याची. येथे बहुतेकांची समजूत चुकते. वर तर उणे ४० अंश थंडी, मग इंजिन तापेल कसे, असा प्रश्न शहाणी माणसेही विचारतात. उत्तर असे, की उष्णता वाहून नेणारी वस्तू थंडी नव्हे, हवा होय. भर थंडीत ओंजळभर पाण्याने तापलेला तवा निवत नाही, बादलीभर कोमट पाण्याने निवतो. तीस हजार फुटांवरची हवा अतिशय थंड असली तरी तिचे वजन सपाटीवरच्या हवेच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी भरते. इंजिनाला मात्र भात्याने पुरेपूर हवा भरवलेली, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळते आहे, उष्णता पूर्ण निर्माण होते आहे. ती नेण्यासाठी हवा कमी. भाता जितका चांगला, तितकी ही अडचण मोठी.

आणि भाता स्वतःही उष्णता निर्माण करतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड हाताला चटका देते, हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. मोठ्या सुपरचार्जरातून दोन टप्प्यांत दाबलेली हवा २०० अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाबून केलेली कमाई निम्मी वाया गेली. त्याहून वाईट म्हणजे अशा तप्त मिश्रणाचा ठिणगीपूर्वीच किंवा ठिणगीनंतर एकदम भडका उडतो. मोटारीचे मिस्त्री ज्याला नॉकिंग म्हणतात तेच, पण हजार अश्वशक्तीच्या यंत्रात ते झाले तर पिस्टनला भोक पडते. म्हणून भाता आणि सिलिंडर यांच्या मध्ये एक रेडिएटर बसवावा लागला, दाबलेली हवा निववणारा. त्याला इंटरकूलर म्हणतात. आज महामार्गावरील ट्रकच्या बॉनेटवर 'टर्बो इंटरकूलर' अशी अक्षरे असतात, ती या जुन्या भांडणाची खूण आहे.

इंजिन निववण्याचे दोन पंथ पडले. एका पंथाचे म्हणणे, पाणी नकोच. सिलिंडर पुढच्या वाऱ्यात वर्तुळाकार मांडावे, प्रत्येकावर मोटारसायकलीच्या सिलिंडरावर असतात तशा पातळ पात्या काढाव्यात, आणि वाऱ्याला त्यांच्यातून जाऊ द्यावे. न गोठण्याची भीती, न उकळण्याची. दुसऱ्या पंथाचे म्हणणे, पाण्याशिवाय नेमका थंडावा नाही. पण पाणी उंचावर ७० अंशांतच उकळत असेल, तर आधी त्याऐवजी ग्लायकॉल वापरावे, आणि मग अनुभवाने कळले की पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण दाबाखाली कोंडून ठेवावे. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. पहिल्या पंथातही अकलेचे काम होते. सॅम हेरॉन या गृहस्थाने धुराची झडप आतून पोकळ करून तिच्यात सोडियम धातू भरला. तापला की तो वितळतो, झडपेच्या हालचालीबरोबर आत हिंदकळतो, आणि टोकाची उष्णता दांड्याकडे पोचवतो. एवढ्याशा युक्तीने हजारो इंजिने जळण्यापासून वाचली.

या दोन्ही गोष्टींची, श्वासाची आणि थंडाव्याची, पहिली गाजलेली कसोटी आपल्याच देशाच्या आकाशात लागली. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू येथून दोन ब्रिटिश विमाने निघाली आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरून गेली. लॉर्ड क्लाइड्सडेल आणि मॅकिन्टायर हे वैमानिक होते. दोन्ही विमाने वेस्टलँड कंपनीची, उघड्या बैठकीची; इंजिने ब्रिस्टल पेगॅसस, हवेने निवणारी, सुपरचार्जर लावलेली. मॅकिन्टायरच्या विमानातील छायाचित्रकार बॉनेट यांची प्राणवायूची नळी फुटली. त्यांनी तिच्यावर रुमाल गुंडाळला आणि ते बेशुद्ध पडले. विमानाचे इंजिन मात्र एका क्षणासाठीही अडखळले नाही. त्या दिवशी माणसापेक्षा इंजिनाचा श्वास अधिक खात्रीचा ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न जयापजयाचा झाला. ज्याचे विमान वर टिकेल तो वरून झडप घालणार. रोल्स रॉइस कंपनीत १९३८ साली दाखल झालेले स्टॅनले हूकर हे मुळात गणिती. त्यांनी मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरातील हवेच्या वाटा कागदावर मोजल्या आणि सुधारल्या. पुढे दोन टप्प्यांचा, दोन गतींचा आणि इंटरकूलर असलेला मर्लिन तयार झाला. १९४२ मध्ये तो स्पिटफायर विमानात बसताच तोवर वरचढ ठरलेल्या जर्मन विमानांची बरोबरी झाली. इंजिनाचा आकार फारसा वाढला नव्हता. वाढले ते त्याचे फुप्फुस. आपल्या हवाई दलाच्या तुकड्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेत हरिकेन व स्पिटफायर ही मर्लिनची विमाने चालवीत होत्या. पुढे १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलप्रमुख आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले इद्रिस हसन लतीफ हे त्या मोहिमेतील तरुण वैमानिकांपैकी एक. राजभवनातील राज्यपाल म्हणून त्यांना पाहिलेल्या पुष्कळांना हे ठाऊक नसते.

त्याच काळात आसामच्या विमानतळांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधील कुनमिंगकडे मालवाहू विमानांची रांग लागली होती. तिला 'हंप' म्हणत, म्हणजे उंटाची मदार. १९४२ ते १९४५ या काळात या वाटेने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि काही शेकडा विमाने डोंगरांत नाहीशी झाली. या वाटेसाठी डाकोटा विमानाचा एक खास प्रकार काढावा लागला, त्याच्या इंजिनाचा भाता दोन गतींचा होता. ही इंजिने झिजत, जळत, वाळू खात. आणि ती उघडून, धुऊन, मोजून पुन्हा जुळवावी लागत. ते काम मोठ्या प्रमाणावर करणारी हिंदुस्थानातील एक प्रमुख जागा होती बंगलोरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट. आणि येथे आपण पुन्हा सातारा रोडजवळ येतो.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने २३ डिसेंबर १९४० रोजी ही कंपनी स्थापन केली. हेच वालचंद, ज्यांच्या समूहाकडे कूपर यांचा सातारा रोडचा कारखाना आला, आणि ज्यांचे नाव सांगलीच्या विश्रामबागेतील इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. ते कॉलेज १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी काढले. १९५५ साली त्याला वालचंदांचे नाव मिळाले. नांगर, विहिरीचे इंजिन, विमान आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण, असे हे एकाच माणसाभोवती गुंफलेले आहे. बंगलोरला १९४१ मध्ये पहिले विमान जुळवून उडाले. पण १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला, आणि १९४३ मध्ये कारखान्याची व्यवस्था अमेरिकन हवाई दलाकडे गेली. विमाने बनवण्याचे स्वप्न बाजूला पडले आणि दुरुस्ती हेच काम झाले.

यावर हळहळणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते की खरी शाळा तीच होती. ट्विन वॉस्प या डाकोटाच्या इंजिनात चौदा सिलिंडर दोन रांगांत असतात. मागची रांग पुढच्या रांगेच्या आडोशाला, म्हणून ती अधिक तापते. वारा तिच्या पात्यांतूनच जावा म्हणून मध्ये वाकवलेल्या पत्र्यांचे आडपडदे असतात. तो पत्रा बोटभर सरकला तरी तो सिलिंडर जळतो. आतल्या भात्याचे चाक मिनिटाला एकोणीस हजारांच्या आसपास फेरे घेते. त्याचा तोल केसभर चुकला तर धारवे गेलेच. अशी इंजिने एकामागून एक उघडणाऱ्या कारागिराला जे कळते ते चित्रांवरून कळत नाही. मिरजेचे शिकलगार शस्त्रांना धार लावता लावता सतारी घडवू लागले, ही आपल्या परिसरातील गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हाताच्या विद्येची ही जात वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या विद्येचा कस स्वातंत्र्यानंतर लगेच लागला. १९४८ च्या वसंतात लेह शहर संकटात होते. झोजी ला खिंडीची वाट बंद, आणि शहराच्या रक्षणास मूठभर सैनिक. सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअराने स्थानिक लोकांच्या हातांनी सिंधूकाठी धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा तेथे उतरवले. बरोबर मेजर जनरल थिमय्या होते. विमान तेवीस-चोवीस हजार फुटांपर्यंत चढवावे लागले असे सांगतात. डाकोटाची मर्यादाच जवळपास तेवढी. बैठकीत कोंडलेली हवा नाही, पंखांवरचा बर्फ झाडण्याची सोय नाही.

इंजिनाच्या बाजूने त्या उड्डाणाचा विचार करावा. डाकोटाच्या साध्या, एका गतीच्या भात्याचा जोर सात-आठ हजार फुटांपर्यंत पुरा पडतो. त्यापुढे शक्ती उतरत जाते आणि तेवीस हजारांवर निम्म्याच्या आसपास राहते. चढताना वेग कमी, म्हणजे पात्यांवरून जाणारा वारा कमी, आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात. सिलिंडरच्या माथ्याचे तपमान अडीचशे अंशांच्या पुढे जाऊ द्यावयाचे नाही. इंजिनाभोवतीच्या झडपा उघडाव्या तर वारा आत येतो, पण त्याच झडपा वाऱ्याला अडवून विमान मागे खेचतात आणि चढणे थांबते. मिटाव्या तर सिलिंडर जळतात. मग मिश्रणात पेट्रोल थोडे अधिक सोडावयाचे. ते न जळता वाफ होऊन आतून निववते. म्हणजे इंधनाचाच काही भाग पाण्यासारखा खर्चावयाचा. आणि उतरताना उलट भीती: एकदम जोर कमी केला तर तापलेले सिलिंडर थंड वाऱ्याने तडकतात, आणि तेलाच्या रेडिएटरात तेल थिजून बसले तर गरम तेलाला वाट मिळत नाही आणि गोठवणाऱ्या थंडीत इंजिन तापते. हे सर्व सांभाळीत, नकाशात नसलेल्या वाटेने, ते विमान साडेदहा हजार फुटांहून उंच असलेल्या वाळूच्या पट्टीवर उतरले. त्यानंतर याच वाटेने डाकोटांतून सैनिक आले आणि लेह वाचले.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, आणि ती पुण्यापर्यंत येते.

युद्ध संपताना ब्रिटिश हवाई दलाने कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर बाँबर विमाने टाकून दिली होती. ती कर्जाऊ करारातली. ती कोणाच्या कामी येऊ नयेत अशी व्यवस्था करावयाची होती. म्हणून उपकरणे फोडली, सांगाड्यांवर घाव घातले, इंजिनांत वाळू ओतली, असे वर्णन आढळते. परदेशी जाणकारांचे मत पडले की ही मोड आहे, विमाने नव्हेत. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती पाहिली आणि ठरवले की जुळवता येतील. एकाचे भाग दुसऱ्याला लावून, उडण्यापुरती डागडुजी करून, कंपनीचे वैमानिक जमशेद कैकोबाद मुनशी यांनी चाळीसहून अधिक विमाने एकेक करून कानपूरहून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर बंगलोरला उडवत आणली. ज्या विमानाच्या चारही इंजिनांबद्दल खात्री देता येत नाही, ते घेऊन दख्खनच्या पठारावरून जावयाचे, आणि परत जाऊन दुसरे आणावयाचे. या माणसाच्या नावाने शाळेच्या पुस्तकात धडा नाही याचे नवल वाटते.

लिबरेटरची इंजिनेही ट्विन वॉस्पच, पण टर्बो लावलेली. प्रत्येक इंजिनाच्या मागे, खालच्या बाजूस, धुराच्या झोतावर फिरणारी चक्की. तिने दाबलेली हवा इंटरकूलरातून निवून येणार, मग इंजिनाचा आतला भाता ती पुन्हा दाबणार. या विमानाचे इंजिन समोरून गोल नसून लांबट दिसते, कारण दोन्ही बगलांना तेलाच्या आणि हवेच्या थंडाव्यासाठी वाऱ्याची तोंडे काढलेली असत. वाळू खाल्लेली अशी इंजिने, ज्यांची लाल तापणारी चक्की खास कोबाल्टच्या मिश्रधातूची, ती उघडून पुन्हा चालू करणे म्हणजे वरवरची डागडुजी नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ क्रमांकाची तुकडी या विमानांवर उभी राहिली. १९५१ च्या जानेवारीत पुण्यास ६ क्रमांकाची तुकडी लिबरेटरांवर पुन्हा उभारली गेली. तिचे काम समुद्रावर पहारा. पंचवीस हजार फुटांसाठी बनवलेले टर्बो आता अरबी समुद्रावर खालच्या दाट हवेत, जेथे त्यांची फारशी गरजही नव्हती, अशा कामाला लागले. पण ती विमाने १९६८ पर्यंत चालली. जगात इतरत्र ती केव्हाच भंगारात गेली होती.

एवढे असूनही एक उणीव सांगितलीच पाहिजे. जर्मनीत गटिंगेनला प्रांड्टल या वायुगतिशास्त्राच्या आचार्यांकडे शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगलोरला एच. टी. २ हे शिकाऊ विमान तयार झाले आणि १९५१ साली उडाले. आराखडा आपला, सांगाडा आपला. इंजिन मात्र ब्रिटनमधून आलेले सिरस मेजर. सांगाडा हिशोबाने उभा करता येतो. इंजिनाला त्याशिवाय विशिष्ट पोलाद, झडपांचे धातू, धारवे, शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आणि तास न्‌ तास चालवून मोडून पाहण्याची चाचणीगृहे लागतात. किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड येथे ओतीव लोखंडाची जी विद्या होती ती विहिरीच्या इंजिनाला पुरे होती, कारण त्या इंजिनाला वजनाची पर्वा नसते. विमानाच्या इंजिनाला प्रत्येक अश्वशक्तीमागे पौंडाचा हिशोब द्यावा लागतो. आणि ही दरी भरून काढावयाच्या आतच जगाने पिस्टन इंजिन सोडले. जेट इंजिनात भाता, ज्वाला आणि चक्की एवढेच उरते, पिस्टन जातो. अमेरिकेत ते काम टर्बो बनवणाऱ्यांकडेच गेले यात आश्चर्य नाही. तापलेल्या चक्कीचा धातू त्यांच्या हाती होता. हूकर स्वतः पुढे जेटकडेच वळले.

पिस्टनवरचा टर्बो मात्र जमिनीवर उतरला आणि तेथे रमला. विहिरीवरची इंजिने विजेच्या मोटारींनी घालवली. पण खंबाटकीच्या चढणीला लागणारा ट्रक, उसाची ट्रॉली ओढणारा नवा ट्रॅक्टर, यांच्या पोटात भाता आहे, इंटरकूलर आहे. कऱ्हाड, इस्लामपूर, मिरज येथील गॅरेजांत टर्बोचा दांडा बोटाने हलवून त्याचे धारवे गेले की नाही हे सांगणारी मुले आहेत. गाडी बंद करण्यापूर्वी मिनिटभर तशीच चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या चक्कीला तेल मिळत राहते, असे ती गिऱ्हाइकाला बजावतात. ती मुले बहुधा शाळेतून लवकर बाहेर पडलेली असतात. विश्रामबागेच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला उष्णतावहनाची समीकरणे येतात, पण असा दांडा त्याने हातात धरलेला नसतो. बंगलोरच्या दुरुस्तीशाळेत या दोन्ही प्रकारची माणसे एका टेबलाशी उभी होती.

कानपूरच्या मोडीतून उठलेल्या त्या लिबरेटरांपैकी काही विमाने हवाई दलाने १९६८ नंतर परदेशांना दिली. आज इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिका येथील संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर विमाने उभी आहेत, त्यांतील काही भारतातून गेलेली आहेत. एक दिल्लीस पालमच्या संग्रहालयात आहे. सहलीने दिल्लीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच्या पंखाखाली जाऊन इंजिनाच्या मागे वाकून पाहावे.